कोरडी राहिलेली नळी

मित्रांनो, माझी वाकडी मान पाहून तुम्हांला मी छत्रीचा मोडका दांडा वाटेन. वाटू द्या, मला सवय आहे. मी श्वासाची एक जुनी नळी आहे. माणसाने पाण्यात तोंड खुपसून तरंगत राहावे, तळ न्याहाळावा, आणि माझ्या वरच्या टोकातून त्याला हवा मिळत राहावी, एवढेच माझे काम. पण एवढ्याशा कामात एका माणसाचा जीव अडकला होता.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षे झाली असतील. मुंबईच्या एका कारखान्यात ॲल्युमिनियमचा पाइप वाकवून मला घडवले आणि तोंडात धरायला रबर बसवले. रेवदंड्याच्या चंदर कोळ्याने मला भाऊच्या धक्क्याजवळच्या दुकानातून आणले. खाडीच्या तोंडाशी होड्यांचे नांगर खडकात अडकून तुटत. ते शोधून देणे हा चंदरचा उद्योग. तो मला दातांत धरून पाण्यावर पालथा पडे आणि धाकटा भाऊ नामा होडीत दोर घेऊन बसे. तोंडात मी असल्यामुळे चंदरला बोलता येत नसे, म्हणून दोघांनी एक खूण ठरवली होती. हात सरळ वर केला, की नांगर सापडला, दोर टाक.

ते माझे सुखाचे दिवस. चंदरच्या दातांच्या खुणा माझ्या रबरावर कायमच्या उमटल्या. घरी गेल्यावर त्याची बायको केसर मला गोड्या पाण्याने धुई आणि शेजारणींना तोऱ्यात सांगे, "ह्ये माज्या धन्याचं दुसरं नाक हाय!"

मग एक ठेकेदार बुडालेल्या बोटीचे पितळ काढायला आला. त्याने चंदरच्या पाठीवर हवेची टाकी बांधली आणि पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवले. चंदर हरखून गेला. त्याला माझी अडचण वाटू लागली. खोटे कशाला बोलू? पाण्याखाली मी अडचणच करते. प्रवाहात हलते, डोळ्यांवर बांधलेला पाण्यातला चष्मा ओढते, दोरात गुंतते.

"पाठीवर आख्खा वारा बांधलाय, हिला कशाला न्यू?" असे म्हणून एके दिवशी त्याने मला होडीच्या फळीवर टाकले. नामाही हसला.

पितळ शोधायला खाली गेलेला चंदर वर आला तेव्हा ओहोटीने त्याला होडीपासून पार लांब नेले होते. टाकी रिकामी, पाणी खवळलेले, पाठीवर ओझे. श्वासासाठी तोंड उघडावे तर लाट तोंडात. मी असते तर तो पालथा पडून, दमाने श्वास घेत वाहत गेला असता आणि खाडीपलीकडच्या कोर्लईच्या किनाऱ्याला कुठेतरी लागला असता. त्याने मदतीसाठी हात वर केला. सरळ.

नामाला आनंद झाला. "गावलं रं, गावलं!" म्हणत तो दोराला आकडा बांधू लागला. गाठ पक्की करून त्याने मान वर केली, तेव्हा तिथे नुसते पाणी होते.

चंदर सापडला नाही. केसरने नामाला एकच विचारले, "नळी व्हती ना त्याच्यापाशी?"

"व्हती, वयनी," नामा खाली बघत म्हणाला. "दोराला अडकून वर आली."

त्या खोट्याने आम्हा सगळ्यांनाच पछाडले. केसरने मला ओटीवरच्या खुंटीला टांगले. रोज दिवेलागणीला ती मला काढून कानाशी धरी. चंदरचा शेवटचा श्वास माझ्यात राहिला आहे, अशी तिची समजूत. वारा आला की माझ्यातून हुंकारासारखा आवाज निघे. "आलास?" ती विचारी.

मित्रांनो, मला फार भीती वाटे. कारण त्या दिवशी मी कोरडी होते. माझ्यात तो नव्हताच. मग ती कुणाशी बोलत होती? आणि कधी कधी, वारा पूर्ण पडलेला असताना, माझ्या रबरावरच्या त्या जुन्या खुणा आत्ताच कुणी चावल्यासारख्या दुखत. ते काय होते, मला आजवर कळलेले नाही. नामा त्या ओटीवर पाऊल टाकत नसे. किनाऱ्यावर कुणी नुसता हात वर केला, तरी त्याचे तोंड उतरे.

काही वर्षांनी बंदराच्या पाहणीसाठी दिनानाथ नावाचा पाणबुड्या मुंबईहून आला. त्याने नामाची होडी ठरवली. आमच्या ओटीसमोरच किनाऱ्यावर तो टाकी चढवत असताना नामाने विचारले, "साहेब, नळी?"

"टाकी आहे की! ते लोढणे कशाला?" दिनानाथ हसला.

नामाने हातातला दोर टाकला. तो तडक केसरच्या ओटीवर चढला आणि त्याने मला खुंटीवरून काढले. दिनानाथ गोंधळून मागोमाग आला. बोंबील वाळत घालणारी केसर धावत आली. "हात लावू नको! तिच्यात तो हाय!"

नामाने मला तिच्यापुढे धरले. "न्हाय, वयनी. त्यानं नेलीच नव्हती. होडीत पडली व्हती, कोरडी. मी खोटं बोललो. त्यानं हात वर केला, आन् मी दोर बांधत बसलो."

केसरने मला त्याच्या हातातून घेतले. तिने मला कानाशी धरले. वारा होता, मी वाजतही होते, पण या वेळी तिने काही विचारले नाही. मला फार रडू आले. पण नळीला कुठले डोळे? मग तिने पदराने माझे रबर पुसले आणि मला दिनानाथच्या हातात दिले.

"घ्या, साहेब. रिकामीच हाय. तुमचा श्वास मावंल हिच्यात."

दिनानाथने मला मुकाट्याने चष्म्याच्या पट्ट्यात खोचले. त्या दिवशी मी त्याच्या कामी आले नाही. अजून तरी कधी आले नाही, तरी तो मला नेतो. मित्रांनो, पाठीवर कितीही हवा बांधलेली असो, मला सोबत घ्या. परत आल्यावर, उगाच वागवली म्हणून मला खुशाल हसा. तुमचे ते हसणे ऐकायला घरी कुणीतरी कान लावून बसलेले असते.