दोघांचा कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि मला मालक दोन आहेत. यात हसण्यासारखं काही नाही. दोन घरी लाड होणाऱ्या लेकरासारखा मी रेणापुरात सुखानं नांदलो आहे.

जन्म माझा परदेशातल्या कारखान्यात झाला, पण उमेदीची वर्षं लातूरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे गेली. हार, अक्षता आणि जेवणाच्या पंगती टिपून मी पुरता कंटाळलो होतो. पुढं त्यानं नवा कॅमेरा घेतला आणि मला विकायला काढलं. तेव्हा शेषेराव आणि चांदपाशा या दोस्तांनी मला भागीत घेतलं. शेषेराव शेती करतो, चांदपाशाचं चष्म्याचं दुकान आहे. एक आठवडा मी याच्याकडे, एक त्याच्याकडे. बाजाराच्या दिवशी बॅटरी भरून मला दुसऱ्याच्या हवाली करायचं, असं त्यांचं ठरलेलं.

शेषेराव मोठा हौशी, पण त्याला एक खोड आहे. बटण दाबताना तो मला डावीकडे झुकवतो. मग शेजारून चांदपाशा बोललाच म्हणून समजा. "डावी बाजू उचल, शेषेराव. झाड पडून राहिलंय."

अशा हौशी मंडळींचा मोबाइलवर एक गट आहे. रविवारी फोटो टाकायचे आणि बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या, ही तिथली रीत. 'छान' हा शब्द परक्यांसाठी. आपल्या माणसाला तो कुणी म्हणत नाही. शेषेरावचा वाकडेपणा काढायचा मान मात्र एकट्या चांदपाशाचा; दुसरं कुणी त्याला हात लावत नाही.

एकदा आम्ही विष्णुपुरीच्या धरणावर गेलो होतो. एवढं पाणी बघून चांदपाशा म्हणाला, "समुद्र याच्याहून लई मोठा असंल, न्हाई?" दोघांनीही समुद्र पाहिला नव्हता. पहिला समुद्र दोघांनी मिळूनच बघायचा, हे तिथंच काठावर बसून ठरलं.

पण चांदपाशाची आई, जन्नतबी, अंथरुणाला खिळली आणि त्याला गाव सोडता येईना. "उन्हाळ्यापर्यंत दम धर," तो म्हणाला. शेषेरावनं मान डोलावली. मग दिवाळीनंतर शेषेरावचा मेहुणा जीप घेऊन मालवणला निघाला आणि जीपमध्ये जागा होती. शेषेरावला मोह आवरला नाही. त्या आठवड्यात मी चांदपाशाकडे जायचा होतो. "कॅमेरा साफसफाईला लातूरला दिलाय," असं शेषेरावनं त्याला फोनवर सांगितलं. मी तेव्हा त्याच्याच गळ्यात होतो.

मित्रांनो, समुद्र मी पाहिला. ओली वाळू पाहिली, होड्या पाहिल्या, लाटेला पाठ देऊन साडी सावरणारी शेषेरावची बायको नीलाबाई पाहिली. शेषेराव भान हरपून बटण दाबत होता. त्या दिवशी नेमका रविवार. खुशीच्या भरात त्यानं फोटो मोबाइलवर घेतले आणि गटावर टाकूनही दिले.

लगेच चुका यायला लागल्या. कुणी म्हणालं वाळू पांढरीफटक आली, कुणी म्हणालं वहिनींचे पाय कापले. शेषेराव हसत हसत वाचत होता. तेवढ्यात चांदपाशाचं उत्तर आलं. नुसतं 'छान'.

शेषेराव मटकन वाळूत बसला.

"काय झालं ओ?" नीलाबाईनं विचारलं.

"लई वाईट केलं मी," एवढंच तो बोलला. त्यानंतर त्यानं एकही फोटो काढला नाही. परतीच्या वाटेवर जीपमध्ये सगळे गाणी म्हणत होते आणि तो मला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होता. त्याला स्वतःची लाज वाटत होती. खरं सांगितलं असतं तर चांदपाशा खुशाल 'जा' म्हणाला असता, हेच त्याचं मन खात होतं.

गावात पाऊल टाकलं तसा तो घरी न जाता मला घेऊन थेट दुकानात गेला.

"हा साफसफाईला नव्हता, चांदभाई. तुला खोटं बोललो. चुकलं माझं."

चांदपाशानं मला उचललं आणि लेन्सचं कडं फिरवलं. करकर आवाज आला. चष्मे साफ करायचा मऊ ब्रश घेऊन तो माझ्या फटीतली वाळू काढायला लागला. शेषेराव उभाच होता. 'बस' असं त्याला कुणी म्हटलं नाही.

"आता तू समुद्र बघायला जा," शेषेराव म्हणाला. "लेकराबाळांला घेऊन जा. अम्मीचं नीला बघंल, दुकान मी बघतो."

चांदपाशानं तरीही मान वर केली नाही. माझ्या पडद्यावर तो एकेक फोटो बघत गेला. आभाळ पाण्याला टेकतं ती रेघ प्रत्येक फोटोत डावीकडे उतरलेली होती. मग तो म्हणाला, "शेषेराव, सगळं पाणी सांडून राहिलंय की. डावी बाजू कुणी उचलायची?"

शेषेरावचे डोळे भरून आले. चांदपाशानं पायानं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

आता उन्हाळ्यात दोघं मला घेऊन निघणार आहेत. जन्नतबीजवळ नीलाबाई राहणार आहे. माझ्या कड्यात वाळूचा एक कण अजून अडकलेला आहे. कडं फिरवलं की तो करकरतो आणि शेषेराव गप्प होतो.

म्हणून मित्रांनो, समुद्रावरून आलात की आपल्या कॅमेऱ्याची वाळू मऊ ब्रशनं काढत जा. आणि तुमच्या चुका काढणारं एखादं माणूस तुम्हाला असेल, तर त्याला सांगितल्याशिवाय निघू नका.