पार्सलाबरोबरचा कोळसा

रुचिकानं स्कूटरवरून जेवणाची पार्सलं पोचवायचं काम धरलं, तेव्हा तिच्या सासूबाईंनी, रंगूबाईंनी, दोन दिवस अबोला धरला. मुलाच्या, ओंकारच्या एकट्याच्या पगारात घर भागत नाही, हे रंगूबाईंना कळत होतं. पण सुनेनं चौलपासून काशीदपर्यंत अनोळखी बंगल्यांची दारं ठोठावायची, हे काही त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी रुचिका एका बंगल्यावर मटणाचं पार्सल घेऊन गेली. तिनं पाठीवरच्या पिशवीतून ते बाहेर काढलं, तर खालची बाजू काळीकुट्ट! मागोमाग चुलीतल्या कोळशाचा तुकडा फरशीवर पडला.

"जेवणात कोळसा?" पाहुणे कडाडले.

रुचिकानं हातापाया पडून वेळ मारून नेली, पण घरापर्यंत ती धुमसतच आली. हा उद्योग कुणाचा, हे तिला विचारावं लागलं नाही. मटण-मच्छी घराबाहेर न्यायची तर सोबत कोळसा ठेवायचा, म्हणजे वाटेत काही बाधत नाही, ही सासूबाईंची जुनी रीत.

रंगूबाई भाकरी थापत होत्या. रुचिकानं कोळसा त्यांच्यापुढे आपटला.

"आई, हॉटेलचं मटण हाय ते! त्याला वाटेत कोण धरणार हाय?"

रंगूबाईंचा हात थांबला, पण मान काही वर झाली नाही.

"चुलीत गेलं तुझं मटण! भर दुपारची एकटी फिरतेस. कोळसा तुला ठेवलाय गो."