ओगुराच्या नावेतली फिरकी

ओगुरा बुडाला त्याला दोन वर्षं होत आली तेव्हा त्याच्या बायकोनं, किनुएनं, त्यानं स्वतः बांधलेली, रिमोटवर चालणारी छोटी शिडाची नाव ताकिमोतोच्या दारात आणून ठेवली. "तुम्हीच चालवा. शेवटी तुम्हीच होतात ना त्यांच्याबरोबर." ताकिमोतोला नाही म्हणता आलं नाही.

हामाना सरोवरावर त्या दिवशी मासे धरायला दोघंच गेले होते. ओगुरा पाण्यात पडला, ताकिमोतोनं दोर फेकला, तो पोचला नाही. पोलिसांनाही त्यानं हेच सांगितलं होतं.

नावेत खोट एकच होती. शिडाची दोरी गुंडाळणारी मोटर, रिमोटची दांडी मध्यावर असताना, स्तब्ध राहायला हवी. पण तिची फिरकी केसाकेसानं सरकत राही आणि शीड आपोआप आत ओढलं जाई. असल्या मोटरींना हा रोग असतोच. ताकिमोतोनं आधी रिमोटवरचं बटण एकेक टप्पा सरकवून पाहिलं, मग डोळ्याला भिंग लावून मोटरीच्या पोटातला बारीक स्क्रू पिळला, शेवटी मोटरच नवी बसवली. टेबलावर फिरकी तासभर जागची हलली नाही. तळ्यात नाव सोडली की मात्र ओढ पुन्हा सुरू.

"ओगुराच ओढतोय रे!" असल्या नावा चालवणाऱ्यांच्या क्लबातला नेगिशी म्हणाला. "तुझ्या हातात दोरी द्यायला तो जिवंतपणी तरी कुठे तयार असायचा!"

सगळे हसले. हे असं हसणं ताकिमोतो चाळीस वर्षं ऐकत आला होता, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज नेहमी ओगुराचा असायचा.

रविवारी दुपारी किनुए पहिल्यांदाच तळ्यावर आली. नाव काठाला लागली होती, शीड ताणून घट्ट झालेलं. ताकिमोतो गवतावर बसला आणि तिच्यादेखत झाकण उघडून त्यानं बॅटरीच काढून टाकली.

"बघा, आता नाही ओढणार."

फिरकी खरोखरच थांबली. एक मिनिट गेलं, दोन गेली. कित्येक दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला.

किनुए फिरकीकडे पाहतच नव्हती.

"त्यांनी दोर धरला होता का हो, ताकिमोतोसान?"

"पोचलाच नाही म्हटलं ना."

"मग हे काय करताय?"

त्यानं खाली पाहिलं. मांडीवर घट्ट आवळलेली त्याची उजवी मूठ एकेक बोट करून, हातातला दोर सोडावा तशी, अगदी सावकाश उघडत होती. डाव्या हातानं त्यानं ती दाबून धरली, तरीही.