सवत टोकावर, मी तळाशी

मित्रांनो, आधीच सांगून टाकते. मी एक जुनी कापडी झोळी आहे आणि मनाने मोठी वगैरे मुळीच नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिनेसोटात, मार्लिस हागेनच्या शिवणयंत्रावर झाला. गळक्या तंबूचं जाड कापड कापून तिने मला शिवलं. तोंड रुंद, शेपूट निमुळतं, तोंडाला दोरी. तिचा नवरा ऑरिन मला उलटीसुलटी करून म्हणाला, "ही कुठल्या राक्षसाची चड्डी गं?"

"तुझी अक्कल झाकायला शिवलीय," मार्लिस म्हणाली. "पाण्यात टाकून तर बघ!"

आमचं सरोवर मोठं आणि उथळ. वारा सुटला की होडी सुसाट वाहत जाते आणि गळाला लावलेली जळू माशाच्या नाकासमोरून भुर्रकन निघून जाते. वॉलाय मासा पडला आळशी, तो कुणाच्या मागे धावत नाही. म्हणून मला वाऱ्याच्या बाजूने पाण्यात सोडायचे. मी पोटभर पाणी घेऊन होडीला मागे खेचून धरायची. मग होडी मुंगीच्या पावलांनी सरकायची. पहिल्याच दिवशी टोपली भरली. ऑरिन म्हणाला, "वाईट नाही." आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. लग्नाच्या दिवशी मार्लिसला पाहूनही तो एवढंच म्हणाला होता.

सव्वीस उन्हाळे मी राज्य केलं. मग जावई कर्टने माझी सवत आणली. विजेची मोटर! होडीच्या पुढच्या टोकावर तोऱ्यात बसायची. बटण दाबलं की कितीही वारा असो, होडी जागच्या जागी उभी. ऑरिन तिला म्हणाला, "वाईट नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिला मऊ फडक्याने पुसायचे. घरी नेऊन वीज पाजायचे. मी मात्र तळाशी, आणि माझ्यावर बुटांचा चिखल. ऑरिनने तर नांगरही काढून ठेवला. "आता ते ओझं कशाला?" म्हणे. मी पाण्यात जात नव्हते, पण तिचं नाक कापलं जावं म्हणून देव मात्र पाण्यात घालून बसले होते.

सप्टेंबरातल्या एका दुपारी देव पावले. ऑरिन आणि मार्लिस भर सरोवरात होते आणि वारा पिसाळला होता. सवत त्याच्याशी झुंजता झुंजता दमली, तिची बॅटरी संपली आणि ती गप्प झाली. मला कोण आनंद झाला!

ऑरिनने मोठ्या इंजिनाची दोरी ओढली. ते नुसतंच खोकलं. पेट्रोलात पाणी शिरलं होतं. मागे खडकांवर लाटा फुटत होत्या आणि होडी तिकडेच चालली होती. नांगर घरी. मार्लिस तरंगत्या जाकिटाचा पट्टा पुन्हा पुन्हा ओढत होती, पण तो लागेना. मित्रांनो, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

"झोळी काढ, झोळी!" ती ओरडली. ऑरिन घाईघाईत मला होडीच्या मागे बांधू लागला.

"मागे नको, मेल्या! लाटा आत घेशील. पुढे बांध!"

आणि माझी दोरी बांधली कुठे? नेमकी सवतीच्या पायाशी! पण रुसायला वेळ नव्हता. मी तोंड उघडलं, पाणी गच्च भरलं आणि जीव खाऊन ओढलं. होडीने वाऱ्याकडे तोंड फिरवलं. वेग मंदावला. माझी शिवण टरटर उसवत होती. तेवढ्या वेळात ऑरिनने इंजिनाची पेट्रोल-गाळणी काढली, तिच्यातलं पाणी ओतून पुसली, पुन्हा बसवली. खडक दोन होड्यांच्या अंतरावर आला, तेव्हा कुठे इंजिन सुरू झालं.

घरी मार्लिसने मला शेगडीजवळ वाळवलं आणि ठिगळ लावायला बसली. ऑरिनने माझी उसवलेली शिवण बोटाने चाचपली. मग म्हणाला, "चांगली आहे."

मार्लिसची सुई थांबली. "अठ्ठेचाळीस वर्षं झाली लग्नाला. मला कधी म्हणालास का असं?"

ऑरिनने नांगर उचलला आणि होडीत ठेवायला निघून गेला.

तेव्हापासून मार्लिस माझ्याकडे जरा तिरकंच बघते. ती जळजळ मी चांगली ओळखते. म्हणून सांगते, मित्रांनो, जुन्या वस्तूंना वाळवत जा, वेळेवर टाका घाला. आणि चांगलं म्हणायचं असेल, तर आधी घरातल्या माणसाला म्हणा.