पाळीवरचा बलिया

मी बलिया बोलतोय. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, पुढं फारशी सवड मिळणार नाही.

ज्यांना बलिया ठाऊक नाही त्यांना सांगतो. आमच्या तांड्यातल्या लग्न झालेल्या बायका मनगटापासून दंडापर्यंत पांढरी कडी घालतात. मनगटाशी लहान, वर जावं तशी मोठी. कोपराच्या वरची कडी म्हणजे बलिया. ती सौभाग्याची खूण. त्यातही सगळ्यात वरचा, सगळ्यात ऐसपैस, तो मी. पहिल्यापासून वरच बसायची सवय, त्यामुळं जरा शेफारलेला आहे.

जन्म हिंगोलीचा. जहांगीर मनियारांनी मला पांढऱ्या प्लास्टिकच्या जाड नळीतून कातलं, घासलं आणि चमक आणली. गिऱ्हाईक मला हस्तिदंत समजायचं. जहांगीरभाई ना हो म्हणायचे, ना नाही, नुसती दाढी कुरवाळायचे. खोटं न बोलता माणसाला फसवायचं कसं, ते मी तिथं शिकलो. माझी शाळा तेवढीच.

तिथून मी पुसेगावच्या अलीकडच्या तांड्यावर मिराबाईच्या दंडात आलो. मिराबाईचा नवरा वसराम. दोन एकर रान, दोन बैल आणि एक नाद, मासे. तांड्याच्या वरच्या अंगाला पाझर तलाव झाला, त्यात नुसतं पाणी आणि बेडकं. वसराम येलदरी धरणाच्या बाजूला गेला आणि घागरीत चिलापीची पिल्लं घेऊन आला. एस.टी.त घागर मांडीवर धरून बसला होता. शेजारचा म्हणे, "पाणी पिऊ का?" वसराम म्हणाला, "पी, पण चावून पी."

ही ब्याण्णव सालची गोष्ट. दोन पावसाळ्यांत चिलापी तळ्यात मावेनात. चपटा, खवल्यांचा, ताटलीसारखा मासा. एकदा वसरामनं एक धरला आणि मिराबाईचा हात ओढून माझ्याशी लावून पाहिला.

"हे बघ, ह्या बलियातून जे आरपार जाईल ते लेकरू. त्याला सोडायचं. जे अडकलं ते आपलं."

"आधी माझा हात सोडा. लोक बघून राहिले."

"बघू दे. हात कुणाचा चोरून आणला का?"

मला ते फार आवडलं. एवढ्या कड्यांत त्यानं मलाच निवडलं होतं.

पुढच्याच वर्षी पावसाच्या तोंडावर वसरामला ताप आला आणि तो आठवड्यात गेला. तांड्यातल्या बायकांनी मिराबाईच्या दंडातले बलिया एकेक करून उतरवले. रीतच आहे ती. मनगटातली कडी तेवढी राहिली. बाकीचे बलिया पाण्यात सोडले. मला मात्र मिराबाईनं पदराखाली दडवलं. कुणाला दिसलं नाही असं तिला वाटलं. सगळ्यांना दिसलं होतं. कुणी काही बोललं नाही.

दिवस घातल्यावर ती मला घेऊन तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर गेली. तांड्याचे नाईक किसनसिंग, वसरामचा धाकटा भाऊ रूपसिंग, अजून चारजण तिथं होते. ती म्हणाली, "त्यांचं बोलणं होतं. बलियातून जाईल ते सोडायचं." एवढंच. नाईकांनी बाभळीची मेख ठोकली, मला टांगलं, आणि ज्याला तळ्यावर गळ टाकायचा त्यानं माझ्यावर हात ठेवून शपथ घ्यायची, असं ठरलं.

असा मी दंडावरून थेट न्यायाधीश झालो.

पहिली वर्षं फार मजेची गेली. माणसं माझ्यापुढं काय काय करायची. एक मास्तर माशाचे पर ताणून धरायचे, म्हणजे तो अडकावा. उत्तमसिंग नावाचा लबाड माणूस माशाच्या तोंडात ज्वारीच्या पिठाचा गोळा कोंबायचा, पोट फुगावं म्हणून. एकदा त्याचा मासा माझ्यात अर्धा जाऊन पीठ ओकला. ते सगळं उत्तमसिंगच्या मिशीवर. मी मेखेवर डुलत होतो, तो वाऱ्यानं नव्हे.

पण चोरी कुणी करत नसे. विधवेचा बलिया होता. त्याची शपथ मोडायची छाती कुणाची नव्हती. माझ्यातून गेलेला प्रत्येक मासा पाण्यात जायचा, अडकलेला प्रत्येक मासा कढईत. अगदी बराबर. आणि तळं त्यानंच बिघडलं.

हळूहळू अडकणारे मासे कमी झाले. मग तर सकाळपासून गळ टाकून बसावं आणि एकही अडकू नये. आत घातला की सुळकन पलीकडं. दोन हजार एक उजाडेपर्यंत तळं माशांनी खच्चून भरलेलं आणि तांड्यावरच्या कढया कोरड्या. पुसेगावच्या बाजारात मासळी विकणारी अख्तरीबी कधीतरी पाळीवर यायची. ती म्हणाली, "मिराबाई, तुमची चिलापी पळसाच्या पानावर ठेवली ना, तर पानच दिसतं. गिऱ्हाईक विचारतं, मासा कुठाय."

"अख्तरी, तुझे डोळे तपासून घे."

"डोळे चांगले हायेत. मासाच बारका हाय."

मग माणसांनी माणसांचं ते केलं. एकमेकांवर आळ घेतले. कुणी म्हणे उत्तमसिंग जाळं लावतो, कुणी म्हणे पलीकडच्या गावचे येतात. शेवटी रूपसिंगनं नाईकांपुढं बोलून टाकलं, "ठेकेदाराला तळं देऊन टाका. तो जाळ्यानं तळ खरवडून नेईल. मग नवं बी टाकू. दादाची चिलापी नासली."

मिराबाई तिथंच होती. तिनं ऐकलं. वसरामच्या नावाचं तांड्यावर तेवढंच उरलं होतं. लेकरू झालं नव्हतं. रान भावकीत गेलं होतं. तळ्यातल्या माशांना तेवढं अजून लोक 'वसरामची चिलापी' म्हणायचे. नाईक म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत बघू. न्हाईतर ठेकेदार."

त्या दिवसापासून ती धुणं घेऊन उथळ पाण्याशी येऊन बसायला लागली. धुणं कमी, बघणं जास्त. मी वरून तिच्याकडं बघायचो आणि ती पाण्याकडं.

चिलापीचा नर काठाजवळच्या मातीत तोंडानं आणि शेपटीनं खड्डा करतो आणि त्याची राखण करतो. मादी तिथं अंडी घालते, मग ती तोंडात धरून उपाशी फिरत राहते. वसरामच्या वेळी ते खड्डे परातीएवढे होते. आता वाटीएवढे. एकाला लागून एक, सगळ्या काठाला नुसत्या वाट्या. त्यावर उभे राहून भांडणारे नर बोटाएवढे. मिसरूड फुटायच्या आत संसार मांडून बसलेली पोरं. पाण्याबाहेरही असली मी पुष्कळ पाहिलीत, नावं घेत नाही.

मोठा नर काठावर असतो तेव्हा ह्या पोरांना जवळ फिरकू देत नाही. मग ती खातात, पितात, वाढतात. मोठा उचलून नेला की पोरं वाढायचं सोडून खड्डे खणायला लागतात. हे मला कुणी सांगितलं नाही. मिराबाईला पण नाही. ती बसून राहिली आणि तिला दिसलं.

उन्हाळ्यात पाळीवर सगळे जमले. ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवर टेकून बसला होता. मिराबाई नाईकांना म्हणाली, "तुमच्या आज्यानं बैलांवर मीठ वाहिलं. कळपातला सगळ्यात जबर वळू त्यानं कधी विकला का?"

"वळू कोण विकतो?"

"आपण विकत आलो. दरसाल. जो मोठा झाला तो कढईत. मागं राहिले ते मरतुकडे. त्यांचीच पैदास."

रूपसिंग म्हणाला, "भोजाई, दादाचं बोलणं हाय ते. जो अडकला तो आपला. तुमी दादाला खोटं पाडून राहिल्या का?"

तिचा चेहरा मी जवळून पाहिला. दंड उघडे पडले त्या दिवशीसुद्धा तो असा नव्हता.

"ते अजून चार वर्षं जगते तर त्यांनीच बदललं असतं," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाला बदलता येत न्हाई. ते माझ्यावर आलं."

आणि तिनं मनगटातलं एक कडं काढलं. ते सहज निघेना. हाड मोठं झालं होतं. थुंकी लावून, पिळून, कातडी सोलवटून काढलं. रूपसिंग दुसरीकडं बघायला लागला. तिनं ते माझ्याशेजारी मेखेवर अडकवलं.

"ह्या लहान्यातून जो जाईल तो लेकरू. तो पाण्यात. ह्या मोठ्यातून जो जाणार न्हाई तो वळू. तो पण पाण्यात. मधले तेवढे आपले."

उत्तमसिंग म्हणाला, "म्हंजे मोठा धरायचा आणि सोडायचा? मग धरायचा काहून?"

"बघायला," मिराबाई म्हणाली.

नाईकांनी ठेकेदाराच्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलं. रूपसिंगनं शपथ घेतली, पण हात असा ठेवला जणू मी तापलेला तवा.

पुढची वर्षं मी काही रंगवून सांगत नाही. मधले मासे निघत गेले, गर्दी कमी झाली, उरलेल्यांना खायला मिळालं. अख्तरीबीनं एका बाजारच्या दिवशी मासा उचलून पाहिला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. बोलली काही नाही, आणि अख्तरीबी गप्प बसते ही गोष्ट छोटी नव्हे. काठाला पुन्हा ताटाएवढे खड्डे दिसायला लागले. पण माझ्यात अडकणारा अजून कुणाला लागला नव्हता.

तो दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात लागला. रूपसिंगलाच.

त्याच्या लेकीला, दिपाला, बघायला पाहुणे येणार होते. घरात सांगून आला होता की मासे आणतो. गळाला ओढ बसली तशी काठी वाकली. वर आला तो नर. पाठ काळी, परांच्या कडा लाल, रूपसिंगच्या कोपरापर्यंत लांब. पाळीवरची माणसं उठून आली.

रूपसिंगनं तो माझ्यात घातला. डोकं गेलं, छाती अडली. त्यानं मासा फिरवला. पर दाबले. मग जोर लावला. मी किती वर्षं ऊन खाल्लं होतं. कडकन तडा गेला, मी उघडलो आणि मासा पलीकडं निघाला.

उत्तमसिंग म्हणाला, "गेला की आरपार. चला, कढईत."

दोघं-चौघं हसले. रूपसिंग हसला नाही. मिराबाई उथळ पाण्याशी गोधडी आपटत होती, ती थांबली.

"भोजाई, तुमी बोलत काहून न्हाई?"

"मी काय बोलू. मासा तुमच्या हातात हाय."

तो मासा तोंड उघडत-मिटत होता. रूपसिंगनं त्याच्याकडं पाहिलं, काठाकडं पाहिलं. तिथं एक परातीएवढा खड्डा उघडा पडला होता आणि चार बारके नर आत्ताच त्याभोवती घुटमळायला लागले होते. तो चपलेसकट गुडघाभर पाण्यात शिरला आणि हात खाली नेले. मासा लगेच गेला नाही. हातातच थोडा वेळ उभा राहिला. मग शेपटी हलली, आणि ते चारही बारके पसार झाले.

पाहुण्यांनी त्या दिवशी पिठलं खाल्लं. दिपाचं जमलं, हे आपलं सांगायचं म्हणून.

दुसऱ्या दिवशी रूपसिंग एकटाच आला. मला वाटलं, आता हा मला फेकणार आणि नवं कडं आणणार. त्यानं गळाची तंगूस काढली, माझी दोन टोकं एकमेकांवर चढवली आणि दातानं ओढून गच्च बांधलं. म्हणजे मी होतो त्यापेक्षा लहान झालो. आता आधीपेक्षा जास्त मासे माझ्यात अडकतात आणि पाण्यात जातात. त्याला हे कळत नव्हतं असं नाही. बांधून झाल्यावर त्यानं स्वतःच्या तीन बोटांनी मला मापून पाहिलं आणि अजून एक वेढा दिला.

असा मी आता आहे. पिवळा पडलेला, तडकलेला, आवळलेला. कुणाच्या दंडात जायच्या लायकीचा उरलो नाही. तुम्ही कधी आमच्या पाळीवर आलात तर गळ टाका, मासा धरा, माझ्यात घालून बघा. जाईना तर जोर लावू नका. माझ्यात दुसऱ्या तड्याची ताकद नाही. त्याला दोन्ही हातांत नीट धरा, पोटभर बघून घ्या, आणि खाली वाका.