मनोऱ्याची मागची बाजू

“हा गाडी चुकीच्या जागी लावतोय,” निवृत्त ड्रायव्हर बसच्या खिडकीला नाक लावून म्हणाला.

“लावू दे त्याला. तुम्ही उतरा,” बायको म्हणाली.

सहलीची बस मनोऱ्याच्या मागच्या आवारात भिंतीकडेला उभी राहिली. निवृत्त ड्रायव्हरने नोकरीभर इथे प्रवासी आणले होते, पण गाडी भिंतीला कधी लावली नव्हती. ती लावायची बरोब्बर मधोमध. वळवायला त्रास नाही आणि दुपारनंतर मनोऱ्याची सावली आपणहून गाडीवर येते. वाटेत त्याने हे नव्या ड्रायव्हरला पुन्हापुन्हा ऐकवलं होतं. नवा ड्रायव्हर म्हणजे पोट सुटलेला, मिशाळ, शांत माणूस. दर वेळी “हो काका” म्हणाला आणि शेवटी त्याला करायचं तेच केलं.

प्रवासी उतरले. गाइडने छत्री उंच धरली आणि सगळा लोंढा पुढच्या दाराकडे निघाला. बायको पायरीवर थांबली. नवरा सीटवर ढिम्म.

“अहो, चला ना. वर जायची तिकिटं काढलीयेत.”

“तू ये जाऊन. मी आहे गाडीपाशी.”

“गाडी काय तुमची आहे आता?”

“सवय गं. प्रवासी वर, ड्रायव्हर खाली. मागे काच फुटली, सामान गेलं, तर बघायचं कोणी?”

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. “म्हणजे तुम्ही कधीच वर गेला नाहीत?”

“कशाला जाऊ? इथे काय, किल्ल्यावर काय, दीपगृहावर काय. ड्रायव्हर गाडी सोडत नाही.” हे त्याने ताठ मानेने सांगितलं.

ती मटकन समोरच्या सीटवर बसली. तिच्या संसारात एक जुना, जपून ठेवलेला राग होता. नवऱ्याने जग पाहिलं आणि आपण पाहिलं सासूबाईंचं आजारपण, मुलींचे अभ्यास आणि स्वयंपाकघराची खिडकी. तो फिरून आला की ती मुद्दाम काही विचारत नसे. ताट वाढायचं आणि तोंड फिरवायचं. एवढा मोठा राग तिने फुकट सांभाळला होता. हसावं की रडावं, तेच तिला कळेना.

“मला वाटायचं, तुम्ही सगळं बघून येता आणि मला मेलीला काही सांगत नाही.”

“सांगायचो की! इथल्या नळाला गोड पाणी आहे, हे नव्हतं सांगितलं?”

“नळ! लोक मनोरा बघतात, आणि हा माणूस नळ!”

हे मात्र त्याला लागलं. तो उठला. “ये, बघ तरी एकदा.”

स्वतःचं घर दाखवावं तशा थाटात त्याने तिला आवार दाखवलं. आधी नळ. पितळेची मूठ हजारो हातांनी घासून घासून गुळगुळीत झाली होती आणि नुसतं बोट लावलं की फिरत होती. मग बिडाचा बाक. त्याच्या हातांवर वेली ओतलेल्या होत्या आणि वेलीत एक सुरवंट होता, तो बसणाऱ्यालाच सापडेल असा. मग त्याने वर बोट दाखवलं. पावसाचं पाणी आणणारा पाइप छपरापासून खालपर्यंत प्रत्येक कोपऱ्याला वळसा घालत आला होता आणि भिंतीवर ओलीचा एक ओघळ नव्हता.

“पुढून मनोरा नटून उभा असतो. मागून कामाला लागलेला दिसतो. मला हाच आवडतो,” तो म्हणाला. “फक्त ही फरशी तेवढी वाईट. एक दगड लाल, एक काळा, सगळे तिरके. बसवताना मुकादमाला डुलकी लागली असणार.”

ती ओंजळभर पाणी प्यायली. पाणी खरंच गोड होतं. पण तसं ती म्हणाली नाही.

“मी जाते वर,” ती म्हणाली. “मी एकटीने बघायला आले नव्हते.”

ती गेली. तो बाकावर बसला. सुरवंटावरून बोट फिरवलं, पण आज त्यात मन लागेना. तिला बरोबर घेऊन काही बघायचं राहूनच गेलं, असं वाटून त्याला फार वाईट वाटलं. गाडी सांभाळली, हे खरं. पण गाडी तर निवृत्तीच्याच महिन्यात भंगारात गेली होती.

इतक्यात ती एकटीच परत आली. धापा टाकत होती. तो बाकावरून उठला.

“पडलीस का?”

“नाही. चला.”

“अगं, गाडी...”

तिने नव्या ड्रायव्हरला हाक मारली. “ओ भाऊ, गाडीकडे लक्ष ठेवाल ना?”

“त्याचाच पगार घेतो, काकू,” तो जांभई देत म्हणाला.

नवऱ्याचं मनगट धरून ती अरुंद जिना चढू लागली. “पुन्हा चढतेस? गुडघ्यांचं काय?” “गुडघ्यांशी मी बघून घेईन,” ती म्हणाली आणि कठड्याला धरत पुढे सरकली.

वर सगळे प्रवासी पुढच्या बाजूला, नदीकडे तोंड करून उभे होते. तिने त्याला मागच्या कठड्याशी नेलं.

“बघा खाली.”

खाली आवारभर एक फूल उमललं होतं. लाल दगडांच्या पाकळ्या मधून निघून भिंतींपर्यंत गेल्या होत्या, त्यांना काळ्या दगडांची किनार होती. प्रत्येक तिरका दगड पाकळीचं वळण सांभाळत होता. नळ एका पाकळीच्या टोकाशी होता, बाक दुसरीच्या. नव्या ड्रायव्हरने गाडी भिंतीला लावली नसती, तर हे झाकलंच गेलं असतं.

तो कठड्यावरून वाकला. “मी इथे गाडी लावायचो,” तो म्हणाला. “ह्याच्यावर.”

“मधे काळं कसलं आहे हो ते?”

फुलाच्या ऐन मध्यावर एक काळा ठिपका होता, दगडात मुरलेला. त्याने तो लगेच ओळखला.

“ऑइल. माझ्या गाडीचं. थेंब थेंब गळायचं. कितीदा दुरुस्त केलं, थांबलंच नाही.”

सहलीतली एक बाई मोबाइल सावरत शेजारी आली. “अय्या, किती सुंदर! पण मधेच डाग पडलाय बघा. फोटो बिघडतो.”

“डाग नाही हो तो,” बायको म्हणाली. “आमची गाडी उभी असायची तिथे.”

बाईने फोटो काढायला मोबाइल खाली धरला. आपलाच फोटो निघत असल्यासारखा नवरा शर्टाचं वरचं बटण लावू लागला.