गच्चीवरची रंगपंचमी

सुलभाबाईंच्या मोरीतून कधी काय वर येईल याचा नेम नव्हता. मागच्या पावसाळ्यात तर अख्ख्या आळीचं सांडपाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला येऊन टेकलं, आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या लेकीची, नयनाची, सासू बंगळूरला आलेली! नाकाला पदर लावून ती म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी करतात खरं, पण असल्या घाणीत? मुळीच नाही पाठवायची." सुलभाबाईंच्या ते जिव्हारी लागलं. आता नयनाला दिवस गेले होते. ज्येष्ठात बाळंत व्हायची, आणि ज्येष्ठात पाऊस काय कोणाला विचारून येतो?

कारखान्याने उतारावर नऊ घरं बांधली होती, त्यातलं सर्वांत खालचं सुलभाबाईंचं. गच्चीवरचं पावसाचं पाणी रस्त्याकडेच्या उघड्या गटारात सोडायचं, असा नियम होता. पण अंगणात चिखल नको म्हणून कोणीतरी गच्चीचा पाइप गुपचूप सांडपाण्याच्या नळाला जोडला होता. पाऊस आला की नळाला तो लोंढा झेपत नसे आणि सगळं खालच्या घरात वर येई. कोणी जोडलाय म्हणून विचारलं, तर सगळे धुतल्या तांदळासारखे!

सर्वांत वरच्या घरातले उमाकांतराव वसाहत समितीचे अध्यक्ष. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे, सोवळं कडक आणि भाषण त्याहून कडक. "असा पाइप जोडणारा समाजाचा शत्रू आहे, अक्का!" ते गरजले आणि त्यांनी उपसमिती नेमली. उपसमितीने चहा घेतला आणि पावसाळा संपल्यावर भेटायचं ठरवलं.

सुलभाबाईंचे यजमान चंद्रकांतराव कारखान्यात इंजिनिअर. यंत्रातली थेंबभर गळती ते हुडकून काढत, पण घरी म्हणत, "अगं, लोकांच्या भिंती फोडून बघायच्या का?"

"फोडायच्या कशाला? रंगपंचमी येतेय की!"

सुलभाबाईंनी चिकपेठेतून रंग आणले आणि घरोघर वाटले, दर घरी वेगळा. "यंदा आपापल्या गच्चीवर खेळा, बागा नकोत तुडवायला." एरवी वाटीभर साखर देताना हात आखडणारी बाई फुकट रंग वाटतेय म्हणून लोक खूश झाले.

पंचमीला गच्च्यांवर ऐन धुमाकूळ चालू असताना चंद्रकांतरावांनी घरासमोरच्या मॅनहोलचं झाकण उचललं. सुलभाबाई पाट टाकून बसल्या. आधी हिरवं पाणी आलं, मग पिवळं, मग जांभळं. बघताबघता सातही शेजारी वाहून गेले आणि शेवटी आला उमाकांतरावांचा केशरी.

"अगं बाई! एकजात सगळेच?" सुलभाबाईंनी कपाळावर हात मारला.

तशाच उठून त्यांनी सभा बोलवायला लावली. उमाकांतराव म्हणाले, "छे छे! ते आंघोळीचं पाणी."

"आंघोळ केलीय कोणी? तुमचं तोंड अजून केशरीच आहे की, उमाकांतराव."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग एकमताने ठराव झाला: रंगामुळे नळाला धोका पोचतो, सबब पुढल्या वर्षापासून वसाहतीत रंगपंचमी बंद.

सुलभाबाईंचं डोकं सणकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन हमालांच्या डोक्यावर बाळंतिणीचं बाजलं देऊन त्या उमाकांतरावांच्या दारात हजर. "नयनाचं बाळंतपण इथेच करीन म्हणते. तुमचं पाणी माझ्या घरी येतं, माझी लेक तुमच्या घरी आली तर काय बिघडलं?"

त्यांची बायको सत्यवती आयुष्यभर त्या सोवळ्याला विटलेली. ती लगबगीने पुढे आली. "सरी, अक्का, चालेल की! देवघराशेजारची खोली ऊबदार आहे, तिथेच ठेवा."

देवघराला लागून बाळंतीण! दहा दिवसांचा विटाळ! उमाकांतराव पांढरेफटक पडले. "स्वल्प थांबा, अक्का, स्वल्प थांबा," म्हणत ते सोवळ्यानिशी गवंडी आणायला पळाले. आता बाजलं आपल्या दारी येणार या धास्तीने संध्याकाळपर्यंत आठही घरांवर हातोडे वाजू लागले.

ज्येष्ठात नयना आली, आणि चार दिवसांनी धो धो पाऊस. बाजल्यावरून जड अंगाने उठून ती आईला शोधू लागली, तर आई मोरीच्या तोंडाशी पाटावर, नजर त्या भोकावर. पाऊस कोसळला, थांबला. भोक कोरडंठाक.

"आई, इथे काय करतेस? आणि रडतेस कशाला?"

"काही नाही गं," सुलभाबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. त्या दिवशी मोरीत पडलं ते एवढंच पाणी.